नाकातील थेंबांची खरी किंमत

निमगाव केतकीच्या परिसरात थंडी आणि उसाचा हंगाम बरोबरच येतात. उसाच्या वाहतुकीची धूळ, जळत्या पाचटाचा धूर आणि पहाटेचा गारठा यांनी नाक चोंदले की दुकानातून थेंबांची बाटली आणली जाते. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. ही सोय स्वस्त वाटते. तिचा हिशेब मात्र अपुरा असतो.

नाकाच्या अस्तरातील पेशींवर पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. एकेका पेशीवर ते सुमारे २०० असून सेकंदाला १० ते १५ वेळा हलतात. आषाढात निमगावी मुक्कामास येणाऱ्या तुकोबांच्या पालखीतील दिंडीसारखी त्यांची लय एक असते. धूळ व जंतू अडकलेला शेंबूड ते घशाकडे सरकवतात. नाकात पुढच्या बाजूस सॅकरिनचा कण ठेवल्यास निरोगी माणसाला साधारणतः २० मिनिटांच्या आत घशाशी गोडी जाणवते, ती याच कामामुळे.

झायलोमेटाझोलिन वा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आकसवून सूज उतरवतात. सफाईचे हे काम ते करीत नाहीत. उलट, प्रयोगशाळेत तीव्र द्रावात पक्ष्माभिकांची गती मंदावलेली दिसते. द्राव टिकावा म्हणून घातलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडचाही तोच परिणाम आढळतो. थोडे दिवस वापरल्याने माणसाच्या नाकात अशी हानी होतेच, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा घबराटीचे कारण नाही. धोका आहे तो मुदत ओलांडण्यात. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापर गेला की औषध ओसरताच सूज परत येते आणि पुन्हा बाटलीकडे हात जातो. दीर्घ वापराने पक्ष्माभिकायुक्त पेशींचीही हानी होते.

सामान्य वस्तूची गरज उपभोगाने भागते; येथे उपभोगच नवी गरज निर्माण करतो. अशा बाजारात ग्राहकाला माहिती देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ते अशक्यही नाही. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे पोटात घेण्याचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलाच होता. मग नाकातील थेंबांची मुदत ठळक मराठीत छापावयास अडचण कोणती? तोवर दुकानदाराने ती तोंडी सांगावी आणि ग्राहकानेही विचारावी. बाटलीवरील छापील किमतीइतकेच मोल या एका वाक्याला आहे.