डिकीतले जॅकेट कामाचे नाही

माझी थोरली आपा गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे बर्मिंगहॅमला राहायला गेली होती. शाळांना सुट्टी लागली तसा भाचा म्हणाला, अम्मी आल्याच आहेत तर चार दिवस फ्रान्स पाहून येऊ. गाडी घरचीच. डोव्हरहून जहाजाने पलीकडे कॅलेला उतरले आणि पॅरिसचा रस्ता धरला. दिवस मावळायला आला होता. मोटरवेवर मागचे टायर फुटले. भाच्याने गाडी सावकाश उजवीकडच्या आपत्कालीन पट्टीत आणून उभी केली आणि चारही इंडिकेटर चालू केले. इथपर्यंत सगळे बरोबर झाले.

पुढे काय झाले ते आपाने मला नंतर फोनवर सांगितले. ती मागे डाव्या बाजूला बसली होती. इंग्लंडात आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे गाडी थांबली की डाव्या दाराने फुटपाथवर उतरायचे, ही तिची जन्माची सवय. फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात. म्हणजे ज्या दाराला तिने हात घातला होता त्या दारापलीकडून ट्रक धडाधड जात होते. सून ओरडली, "अम्मी, दार उघडू नका!" आपा थबकली. सगळी मंडळी उजव्या दाराने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे गेली.

भाचा मात्र डिकीकडे गेला. कारण रिफ्लेक्टर जॅकेटे डिकीत होती. चार बॅगा, मुलांची सायकल आणि जेवणाचे डबे यांच्या खाली. अंधार पडत असताना, अंगात गडद निळा शर्ट घालून, रस्त्याकडे पाठ करून तो पाच-सात मिनिटे सामान उपसत होता. आपा म्हणाली, "मामू भाच्यांना सांगतो ना नेहमी, गाडीत सामान नीट भरा म्हणून, तेच आठवत होते मला." अल्हम्दुलिल्लाह, कुणाला काही झाले नाही. गस्तीची गाडी आली, टोचन करून त्यांना बाहेर काढले. दंड वगैरे झाला नाही. पण गस्तीवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: जॅकेटे आत का नव्हती?

हा प्रश्न मला या महिन्याच्या सदरासाठी पुरेसा वाटला. आपल्या कितीतरी घरांतली मुले आज इंग्लंडात, जर्मनीत स्थायिक आहेत. आईवडील त्यांच्याकडे जातात, मग गाडी काढून दोन-तीन देश फिरणे होते. निघण्याआधी 'गाडीत काय काय लागते' याची यादी फोनवर फिरते आणि लोक दुकानातून एक तयार पेटी विकत घेऊन डिकीत टाकतात. दंड टळला, असे समजतात. पण यातली प्रत्येक वस्तू गाडी बंद पडल्यापासून मदत येईपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी आहे. त्या वेळी जी हाताशी नाही, ती गाडीत असून नसल्यासारखी.

जॅकेट. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून प्रत्येक मोटारीत रिफ्लेक्टर जॅकेट आणि लाल त्रिकोण ठेवणे सक्तीचे आहे. नसल्यास १३५ युरो दंड होऊ शकतो. जॅकेट चालकाला आसनावरून हाती लागेल असे ठेवायचे आणि उतरण्याआधी घालायचे, असा नियम आहे. म्हणजे डिकीत ठेवले तर कायद्यातही बसत नाही. हे पिवळे जॅकेट तिथे इतके घरोघरी पोचले की २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरील कराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा हेच त्यांची खूण झाले. प्रत्येकाच्या गाडीत ते होतेच.

जर्मनीने जुलै २०१४ पासून गाडीत जॅकेट सक्तीचे केले. ऑस्ट्रिया, स्पेन, इटली, बेल्जियम येथेही बंद गाडीतून रस्त्यावर उतरताना ते घालण्याचे नियम आहेत. काही ठिकाणी कायदा एकच जॅकेट मागतो, पण उतरणार सगळेच. म्हणून जितकी माणसे तितकी जॅकेटे घ्या, लहान मुलांच्या मापाचीही. चालकाचे दाराच्या कप्प्यात, इतरांची समोरच्या आसनाच्या मागच्या खिशात.

इथे भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. काळा बुरखा किंवा गडद अबाया रात्रीच्या रस्त्यावर दिव्यांच्या प्रकाशातही अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जॅकेट त्याच्या वरून घालायचे असते, आणि थंडीत आत कोटही असतो. म्हणून माप मोठे घ्या आणि निघण्याआधी घरी एकदा घालून, पुढचे बंद लावून पाहा.

त्रिकोण. इंग्लंडात गाडीत त्रिकोण ठेवण्याची सक्ती नाही. मोटरवेवर तर तो लावूच नका, असे तिथली वाहतूक नियमावली सांगते. म्हणून तिकडच्या आपल्या मुलांकडे तो बहुधा नसतो. समुद्र ओलांडला की मात्र जवळजवळ सगळीकडे लागतो. घेताना त्यावर वर्तुळातले 'ई' हे चिन्ह आहे ना, ते पाहावे. स्वित्झर्लंडमध्ये तो सहज हाती येईल असा ठेवावा लागतो, सामानाखाली चालत नाही. फ्रान्समध्ये गाडीमागे किमान ३० मीटरवर ठेवतात, जर्मनीत वेगवान रस्त्यावर साधारण १०० मीटरवर.

शंभर मीटर म्हणजे सव्वाशे-दीडशे पावले, आणि तीही वाहनांच्या समोर चालत जायची. यातला धोका कायदा करणाऱ्यांच्याही लक्षात आला आहे. त्रिकोण लावायला जाण्याने जीव धोक्यात येत असेल तर फ्रान्सच्या नियमात सूट आहे, आणि मोटरवेवर बहुधा तशीच स्थिती असते. तिथे आधी सगळ्यांना कठड्यापलीकडे न्यावे आणि मग ११२ वर फोन करावा. हा क्रमांक युरोपीय संघातल्या सर्व देशांत चालतो. स्पेन तर पुढे गेला. गाडीतून न उतरता, खिडकीतून हात काढून छपरावर ठेवता येईल असा लुकलुकणारा दिवा तिथे १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाच्या जागी आला. तो दिवा गाडी कुठे उभी आहे हे वाहतूक खात्याला आपोआप कळवतो. ही सक्ती स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आहे. बाहेरून आलेल्या गाडीला त्रिकोण चालतो. तिथे भाड्याने गाडी घेतली तर दिवा कुठे आहे ते आधी विचारून घ्या.

त्रिकोण लावायला जावेच लागले तर जॅकेट घालून, कठड्याच्या पलीकडून, त्रिकोण उघडून वाहनांकडे तोंड करून हातात धरूनच चाला. जाताना तोच तुमची निशाणी होतो.

प्रथमोपचार पेटी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ती सक्तीची आहे. पेटीवर मुदतीची तारीख असते. पाच-सहा वर्षांपूर्वीची चिकटपट्टी चिकटत नाही, म्हणून तारीख पाहूनच न्या. बेल्जियममध्ये नोंदलेल्या गाडीत आग विझवण्याचे नळकांडेही लागते. पाहुण्या गाडीवर ती सक्ती नाही. असे बारीक फरक पुष्कळ आहेत. कोणता नियम तिथल्याच गाड्यांना आणि कोणता सर्वांना, हे प्रत्येक देशाचे वेगळे पाठ करत बसण्यापेक्षा सर्वांसाठी जॅकेट, एक त्रिकोण आणि एक पेटी एवढे सोबत ठेवले की बहुतेक देशांत अडचण येत नाही.

श्वास तपासण्याची नळी. ही वस्तू अजून जुन्या याद्यांत आढळते. फ्रान्सने २०१२ च्या जुलैपासून प्रत्येक गाडीत दारू तपासण्याची एकदा वापरायची नळी ठेवायला सांगितले होते. ती न ठेवणाऱ्याला दंड कधी लागू झालाच नाही आणि २०२० मध्ये नियमच रद्द झाला. ज्यांच्या घरात दारू येत नाही अशा कुटुंबांनीही कायदा म्हणून त्या नळ्या विकत घेतल्या. आता कुणी विकायला आला तर घेऊ नका. यादी हाती आली की ती कोणत्या वर्षीची आहे, हे आधी विचारावे.

मुलांची आसने. घरोघरी चूक होते ती इथे. इंग्लंडात मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच झाले की खास आसन लागत नाही. जर्मनीत ही मर्यादा १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर आहे. म्हणजे दहा वर्षांचा, १४० सेंटिमीटर उंचीचा नातू बर्मिंगहॅममध्ये नुसत्या पट्ट्याने बसतो, पण जर्मनीत शिरताच त्याच्याखाली आसन हवे. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालील मुलांना पुढच्या आसनावर सहसा बसवता येत नाही. आसन माळ्यावर टाकून दिले असेल तर निघण्याआधी खाली काढा.

दिवे, स्टिकर, टायर. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचे डिपर दिवे डाव्या कडेवर झुकलेले असतात. उजवीकडून चालताना तेच दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. त्यासाठी काचेवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. काही नव्या गाड्यांत आतूनच बदल करता येतो. इंग्लंडच्या गाडीवरचा जुना 'जीबी' स्टिकर २८ सप्टेंबर २०२१ पासून बाहेर चालत नाही, 'यूके' असा लागतो.

हिवाळ्यात टायरांचा नियम सगळ्यांनाच असतो, गाडी कुठलीही असो. जर्मनीत बर्फ किंवा निसरडा रस्ता असेल तेव्हा डोंगर आणि बर्फाच्या फुलाची खूण असलेले टायर लागतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात तशी हवा असेल तर हिवाळी टायर हवेत. फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या ठरवलेल्या गावांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असे टायर किंवा चाकांना बांधायच्या साखळ्या सोबत लागतात.

इथून जाणाऱ्यांसाठी. तिथे जाऊन स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो, आणि सोबत मूळ लायसन ठेवावेच लागते. भाड्याची गाडी ताब्यात घेताना आपण ओरखडे तपासतो, पेट्रोल तपासतो. त्याच वेळी जॅकेट, त्रिकोण आणि पेटी कुठे आहे ते दाखवायला सांगा, आणि जॅकेट तिथल्या तिथे आत आणून ठेवा. लक्षात असू द्या, युरोपातल्या गाडीत चालक डावीकडे बसतो. गाडी उजव्या कडेला थांबली की त्याचेच दार वाहनांच्या बाजूला असते. शक्य असेल तर त्यानेही पलीकडच्या आसनावर सरकून उजव्या दाराने उतरावे.

आता आपल्याकडे वळू. मुंबई-गोवा महामार्गावर बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यांवर आपटतो. खरे तर नवी गाडी घेतली की त्रिकोण सोबत मिळतो. तो स्टेपनीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतसुद्धा तसाच पडून असतो. हे लिहिण्याआधी मी माझ्या गाडीतला शोधला. सापडायला दहा मिनिटे लागली आणि उघडायचा कसा हे कळायला आणखी पाच. तेही दिवसाउजेडी, घरासमोर, रस्त्यावर एकही वाहन नसताना.

आपा आता परत आली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही चिपळूणला निघालो तेव्हा ती गाडीत बसण्याआधी मला म्हणाली, "थांबलो तर कोणत्या दाराने उतरायचे ते आत्ताच सांगून ठेव." मग तिने मुलांनाही ते एकदा म्हणून दाखवायला लावले. कुठल्याही देशाच्या यादीत ही गोष्ट नाही, पण सगळ्यात आधी तीच करावी. पुढच्या सफरीला निघताना तुम्हीही गाडी सुरू करण्याआधी एवढी दोन मिनिटे काढा.