शर्यत सगळ्यांची की पॅक भरणाऱ्यांची?

क्रिकेट मोबाइलवर फुकट दिसणार की पैसे भरून, यावर आपल्याकडे दर मोसमात चहाच्या टपरीवर वाद होतो. या वादात उतरणाऱ्या सगळ्यांनी एकदा ब्रिटनकडे बघावं. तिथे हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि तो मोटारींच्या शर्यतीवरूनही तितकाच पेटतो. फॉर्म्युला वनची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत १९५० साली ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला झाली. बहुतेक संघांचे कारखाने आजही त्याच देशात आहेत. पण साध्या ब्रिटिश घरात आज टीव्ही लावला तर वर्षाकाठी एकच शर्यत थेट आणि फुकट दिसते, ती घरची सिल्व्हरस्टोनची. बाकीच्या रात्री उशिरा, काटछाट करून. सगळं थेट बघायचं असेल तर स्काय कंपनीचे पैसे भरा.

ज्या देशात हा खेळ वाढला तिथेच ही गत का झाली? शर्यतीचे पैसे कुणी द्यायचे याचं उत्तर दरवेळी बदलत गेलं म्हणून.

आधी बीबीसीचं गणित समजून घेऊ. बीबीसीवर जाहिराती नसतात. टीव्ही बघणारं प्रत्येक घर वर्षाला लायसन्स फी भरतं, त्यावर तिचा कारभार चालतो. आपल्याकडेही एके काळी रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायला लागायचं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हणजे 'फुकट' हा शब्द तिथेही खरा नाही. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि सगळ्यांनी बघायचं, असा तो व्यवहार.

आता जुन्या काळाबद्दल उगाच गळा काढायला नको. १९५० आणि ६० च्या दशकात टीव्हीवर शर्यती दिसायच्या त्या तुकड्यातुकड्यानं. रेमंड बॅक्स्टर समालोचन करायचे, पण कॅमेरे अवजड आणि शर्यतीचा रस्ता कित्येक मैलांचा. शनिवारच्या क्रीडा कार्यक्रमात घोड्यांच्या शर्यती आणि कुस्तीच्या मध्ये मोटारींना जमेल तशी जागा मिळायची. मग टीव्हीवाल्यांनी उलटा विचार केला. टीव्ही शर्यतीकडे नीट जाऊ शकत नसेल तर टीव्हीला सोयीची शर्यतच तयार करू. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी केंटमधल्या लिडनला आयटीव्हीच्या 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या कार्यक्रमासाठी छोट्या मैदानावर, अर्धी डांबरावर आणि अर्धी चिखलातून, अशी शर्यत भरवली. व्हिक एल्फर्ड पोर्श घेऊन जिंकला. तीच रॅलीक्रॉसची सुरुवात. पुढे हा खेळ युरोपभर पसरला. एक अख्खा खेळ टीव्हीच्या सोयीसाठी जन्माला आला, हे लक्षात ठेवा. टीव्ही खेळ नुसता दाखवत नाही, घडवतो सुद्धा.

आणि टीव्ही खेळ झाकतो सुद्धा. १९७६ सालची गोष्ट तर आपल्याकडच्या एखाद्या सरकारी कचेरीत शोभावी अशी आहे. जॉन सर्टीस हा माणूस मोटारसायकल आणि मोटार दोन्हींत जगज्जेता झालेला, आजवरचा एकमेव. त्याच्या संघाच्या गाडीवर त्या वर्षी ड्युरेक्स या कंडोमच्या कंपनीचं नाव आलं. बीबीसीच्या सभ्यपणाला ते झेपलं नाही. ब्रँड्स हॅचला तिनं कॅमेरे गुंडाळले आणि त्या मोसमाचा मोठा भाग ब्रिटिश प्रेक्षकांना टीव्हीवर दिसलाच नाही.

आता तो मोसम कुठला होता बघा. जेम्स हंट विरुद्ध निकी लाउडा! १ ऑगस्टला नुर्बर्गरिंगला लाउडाची गाडी पेटली, माणूस मरणाच्या दारातून परत आला आणि सहा आठवड्यांत मोंझाला पुन्हा गाडीत बसला. शेवटची शर्यत जपानमध्ये, धो धो पावसात. लाउडानं जिवाचा विचार करून गाडी थांबवली आणि हंट एका गुणानं जगज्जेता झाला. स्वतःच्या देशाचा पोरगा जगज्जेता होतोय आणि देशाचं सार्वजनिक टीव्ही मोसमाचा मोठा भाग एका स्टिकरवर रुसून बसलंय.

यातली खरी गंमत अशी, की ब्रिटिश टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना १९६५ पासून बंदी होती. तरी हंटच्या गाडीवर मार्लबोरो, लोटसवर जॉन प्लेअर स्पेशल. पुढे वर्षानुवर्षं या गाड्या जाहिरात न घेणाऱ्या बीबीसीवर गोल गोल फिरल्या, कुणाचं काही अडलं नाही. रोग देणारी वस्तू चालते आणि रोग टाळणारी चालत नाही! म्हणून सार्वजनिक वाहिनी म्हणजे सगळं पवित्र असं मी म्हणणार नाही. तिथेही साहेब बसलेले असतात आणि लोकांनी काय बघायचं ते ठरवतात.

तरीही १९७८ पासून जे घडलं त्याला तोड नाही. बीबीसीनं 'ग्राँ प्री' नावाचा कार्यक्रम नियमित सुरू केला. सुरुवातीला फ्लीटवुड मॅकच्या 'द चेन' या गाण्यातला गिटारचा तुकडा वाजायचा. बहुतेक वेळा रविवारी रात्री बीबीसी टू वर शर्यतीचा सारांश दाखवायचे. समालोचनाला मरे वॉकर, पेशानं जाहिरात कंपनीतला माणूस, मोटारसायकल शर्यती जिंकलेल्या बापाचा मुलगा. १९८० पासून त्याच्या शेजारी निवृत्त झालेला जेम्स हंट येऊन बसला. एक जण उत्साहानं ओरडणारा, दुसरा आळसावलेल्या आवाजात एखाद्या ड्रायव्हरची सालटी काढणारा. दोघांत मिळून माइक एकच, म्हणजे एकमेकांवर बोलायला नको. कित्येकदा ते शर्यतीच्या गावाला नसायचेही. लंडनच्या स्टुडिओत पडद्याकडे बघून बोलायचे.

साधनं अशी तुटपुंजी. पण ज्यांना मोटारींतलं ओ की ठो कळत नाही अशा घरांतही मरे वॉकरचा आवाज ओळखीचा झाला. आपल्याकडे बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनामुळे क्रिकेटची बॅट हातात न धरलेल्या माणसालाही सामना दिसायचा, तसंच हे. १९९३ च्या जूनमध्ये हंट वयाच्या ४५ व्या वर्षी गेला. दोनच दिवसांपूर्वी त्यानं कॅनडाच्या शर्यतीचं समालोचन केलं होतं. पुढच्या वर्षी १ मे रोजी इमोलाला आयर्टन सेनाचा अपघात झाला. तोही थेट, घराघरांत. दुःखसुद्धा सगळ्यांनी एकाच वेळी बघितलं.

मग आला पैसा. या खेळाच्या व्यापाराची सूत्रं बर्नी एकल्स्टन यांच्या हातात होती आणि त्यांना बाजारभाव कळत होता. १९९५ च्या अखेरीस आयटीव्हीनं बीबीसी देत होती त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजून १९९७ पासूनचे हक्क घेतले. प्रेक्षकाला खिशातून काही द्यायचं नव्हतं, पण जाहिराती बघायच्या होत्या. आयटीव्हीनं काम चांगलं केलं हे मान्य करायला हवं. शर्यतीआधी तासभर कार्यक्रम, पिटमध्ये वार्ताहर, आणि मार्टिन ब्रंडल माइक घेऊन थेट गाड्यांच्या रांगेत घुसायचा. पण क्रिकेटमध्ये षटक संपतं तशी फॉर्म्युला वनमध्ये जाहिरातीसाठी जागाच नसते. २००५ साली इमोलाला अलोन्सोच्या मागे शूमाखर हात धुऊन लागला होता. अवघे तीन-चार फेरे उरलेले असताना आयटीव्हीनं जाहिराती लावल्या. लोक इतके भडकले की कंपनीला माफी मागावी लागली आणि ऑफकॉम या नियामक संस्थेनंही ठपका ठेवला. जाहिरातीवर चालणाऱ्या टीव्हीत मालक प्रेक्षक नसतो, साबण विकणारा असतो.

त्याच काळात थेट पैसे घ्यायचाही एक प्रयोग झाला. २००२ साली स्कायवर एका शर्यतीला १२ पौंड मोजून हवा तो कॅमेरा निवडून बघायची सोय काढली. एकाच मोसमात ती बंद पडली. शेजारच्या वाहिनीवर तीच शर्यत फुकट दिसत असताना १२ पौंड कोण देणार? या धंद्यातल्या लोकांनी यातून धडा घेतला. तो असा, की पैसे घ्यायचे तर आधी शेजारचा नळ बंद करावा लागतो.

तो नळ बंद व्हायला दहा वर्षं लागली. २००८ ची शेवटची शर्यत ब्राझीलला होती. लुईस हॅमिल्टननं शेवटच्या वळणावर पाचवा नंबर गाठून एका गुणानं विजेतेपद घेतलं. ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोक त्या वेळी टीव्हीसमोर होते. २००९ मध्ये शर्यती पुन्हा बीबीसीकडे आल्या, जाहिरातीविना, 'द चेन'सकट. लोक खूश. पण २०१० मध्ये सरकारनं लायसन्स फी गोठवली. बीबीसीला खर्च कापायचा होता. २९ जुलै २०११ ला बातमी आली, की पुढच्या मोसमापासून सगळ्या शर्यती थेट स्कायवर, बीबीसीवर निम्म्याच. २०१५ च्या अखेरीस बीबीसीनं उरलेलंही सोडलं. चॅनेल फोरनं तीन वर्षं निम्म्या शर्यती थेट दाखवल्या. २०१९ पासून स्कायचं एकहाती राज्य.

इथे एक गोष्ट आपण विसरू नये. स्काय हा यातला खलनायक नाही. स्कायनं या खेळासाठी स्वतंत्र वाहिनी काढली. सराव, पात्रता फेरी, शर्यत, नंतरची चिरफाड, सगळं ती दाखवते. १९८० च्या रविवार रात्रीच्या सारांशापेक्षा आजच्या चाहत्याला कितीतरी जास्त मिळतं. आणि पैसे लावल्यानं खेळ मेला असंही नाही. मोबाइलवरच्या छोट्या क्लिप आणि नेटफ्लिक्सवरची मालिका यांतून नवीन चाहते आलेच. खेळाला पैसा लागतो, तो कुठून तरी यायलाच हवा.

मग हरवलं काय? माझ्या मते हरवला तो न ठरवता बघणारा माणूस. जेवता जेवता चॅनेल बदलणारा. आजोबांच्या शेजारी बसून, काही न कळता, गाड्या बघणारा पोरगा. पॅक भरणारा आधीपासून चाहता असतो म्हणून भरतो. जो अजून चाहता झालेलाच नाही तो पैसे कशाला भरेल? फुकट टीव्हीचं खरं काम नवे चाहते तयार करायचं होतं, ते आता पैशाच्या दाराआड गेलं. हॅमिल्टन सरकारी वसाहतीतल्या सामान्य घरातला, बाप दोन-तीन नोकऱ्या करून त्याच्या शर्यतींचा खर्च भागवायचा. लहानपणी रिमोटच्या गाड्या पळवताना तो देशाला पहिल्यांदा दिसला तो बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात.

ही गोष्ट खुद्द स्कायलाही कळते. २०२१ साली अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन आणि वर्स्टॅपन समान गुणांवर आले, तेव्हा स्कायनं ऐन वेळी चॅनेल फोरलाही थेट प्रक्षेपण करू दिलं. दोन्हीकडे मिळून ७० लाखांहून जास्त लोकांनी ते बघितलं. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही असंच झालं होतं. म्हणजे देशानं एकत्र बसून बघण्यासारखा क्षण असतो, हे मान्य आहे. फक्त तो कंपनीनं मेहरबानी केली तर मिळतो.

मेहरबानी आणि हक्क यात फरक आहे. ब्रिटनमध्ये काही मोठे सामने फुकट वाहिनीलाही मिळाले पाहिजेत अशी कायद्यानं ठरवलेली यादी आहे. ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक, विम्बल्डनची अंतिम फेरी त्यात आहेत. सिल्व्हरस्टोनची शर्यत त्या यादीत नाही. आज ती फुकट दिसते ती कराराच्या कृपेनं.

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीनं प्रसार भारतीला द्यायचा. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरता आणि डीडी फ्री डिशपुरताच. केबलवाल्याकडून दिसणाऱ्या दूरदर्शनवर तो नाही. कायदा झाला तेव्हा मोबाइलवर सामना बघायचा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आज आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं सामना फोनवरच बघतात. पत्र्याच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे म्हणून काही घरांना अजून भारताचा सामना दिसतो. ती छत्री उद्या गंजली, तर?

माझं म्हणणं एवढंच आहे. कंपन्यांनी पैसे कमवावेत, रोजचे सामने विकावेत. पण अंतिम सामना आणि घरच्या मैदानावरचा मोठा सामना प्रत्येकाला बघता आला पाहिजे, फोनवरसुद्धा, आणि तो कायद्यानं. ब्रिटननं शर्यतीच्या बाबतीत हे वेळेत लिहून ठेवलं नाही. आपल्याकडे कायदा आहे, तो फक्त आजच्या काळाला जोडायचा आहे. आपला खासदार पुढच्या वेळी स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला गावात येईल, तेव्हा हार घालून झाला की हा प्रश्न त्याला विचारा.

पटत नसेल तर खाली मोकळेपणानं लिहा. फक्त 'परवडत नाही त्यांनी बघू नये' असं लिहिण्याआधी, तुम्ही पहिला सामना कुणाच्या घरी बसून बघितला होता ते आठवा.