आठ दिवसांत वाढतं कोण?

अमेरिकेत एमएसला गेलेला तुमचा एखादा सीनियर असेल, तर त्याला ‘स्प्रिंग ब्रेक’बद्दल विचारून बघा. मार्चमधल्या त्या आठवड्यात बरीच मुलं समुद्रकिनारे गाठतात. काही मात्र एकसारखे टी-शर्ट घालून मेक्सिको, होंडुरास नाहीतर ग्वाटेमालाच्या विमानात बसतात. चर्चची मिशन ट्रिप! आठ-दहा दिवस तिथल्या एखाद्या गावात राहायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, रात्री एकत्र प्रार्थना करायची. खर्चासाठी आधी नातेवाईकांना आणि मंडळीतल्या लोकांना पत्रं लिहून देणग्या जमवलेल्या असतात. परत आल्यावर उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. त्या साक्षीत एक गोष्ट हमखास येते : द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो.

याला हसू नका. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरावरून आल्यावर तुम्हीही थोड्याफार फरकाने हेच बोललेला असता, आणि ते खोटं नसतं. विसाव्या वर्षी पहिल्यांदा भाषा न येणाऱ्या गावात उतरलं, की आपली हुशारी निम्म्याने कमी होते. साधं पाणी मागायचं तर हातवारे करावे लागतात. ज्या घरी उतरलोय त्या घरची बाई स्वतःच्या ताटातलं आपल्याला वाढते आणि नाही म्हणता येत नाही. देणारा म्हणून गेलेल्या मुलाला पहिल्यांदा नुसतं घेणं शिकावं लागतं. श्रद्धाळू मुलाच्या बाबतीत आणखी एक घडतं. आपल्या चर्चमध्ये एसी आहे, गिटार आहे, प्रोजेक्टर आहे. इथे पत्र्याखाली वीस माणसं तीच प्रार्थना करतायत आणि त्यात कुठे काही कमी वाटत नाहीये. हा धक्का चांगलाच असतो.

प्रश्न आहे तो या धक्क्याचं पुढे काय होतं हा. आणि त्याचं बिल कोण भरतं, हाही.

१९९८ मध्ये ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे अनेक गट तिथे घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घरांचा आणि ती बांधणाऱ्यांचा अभ्यास केला. हा माणूस स्वतः ख्रिस्ती, होंडुरासमध्येच राहणारा, त्यामुळे बाहेरून टपली मारणारा नव्हे. त्याला दिसलं, की विमानभाडं वगैरे धरून अशा एका गटाला एक घर साधारण ३० हजार डॉलरला पडत होतं. स्थानिक संस्था तसंच घर दोन हजारांत उभं करत होती. घर कुणी बांधलं, याने तिथल्या कुटुंबांना फारसा फरक पडला नव्हता. बहुतेक मुलं आपलं आयुष्य बदललं असं सांगत होती. पण नंतरच्या देणग्या आणि सवयी तपासल्या तर बदल किरकोळ निघाला.

इव्हान इलिच तर याच्याही आधी, १९६८ मध्ये, कडक बोलून गेला. तो कॅथलिक धर्मगुरू होता, मेक्सिकोत काम करायचा. मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्याने सांगून टाकलं : या, बघा, डोंगर चढा, अभ्यास करा, पण मदत करायला येऊ नका. आमंत्रण द्यायचं आणि वर असं ऐकून घ्यायचं, त्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील! मला त्याचं सगळं पटत नाही. ‘येऊच नका’ म्हटलं तर माणसं एकमेकांना भेटणार कशी? पण शिकायला जाणं आणि मदतीला जाणं यांत त्याने पाडलेला फरक पक्का आहे.

या सगळ्याचं एक टोक आपल्याकडेही येतं. १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड थांबले आणि परदेशी मिशनबद्दल प्रार्थना करू लागले. त्यातून जी चळवळ उभी राहिली, तिच्यातला त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. तो मराठी शिकला, शाळा काढल्या आणि १८२६ मध्ये इथेच कॉलऱ्याने गेला. पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरार आल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, ते अहमदनगरला याच फॅरारबाईंकडे. १८६२ मध्ये बाईंचं निधनही नगरलाच झालं. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल, धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असो, आणि त्यावर वाद घालायलाच हवा. पण ही माणसं परतीचं तिकीट काढून आलेली नव्हती. त्यांना इथली भाषा बोलावी लागली, इथल्या लोकांचं उलट बोलणं ऐकून घ्यावं लागलं. आठ दिवसांत कुणी तुम्हाला उलट बोलत नाही. पाहुण्याला कोण बोलणार?

म्हणून उद्या तुम्हाला अशा ट्रिपचं, मग ते चर्चचं असो की एखाद्या एनजीओचं, बोलावणं आलं, तर जरूर जा. फक्त देणगीच्या पत्रात खरं लिहा : मी शिकायला चाललोय, त्यासाठी पैसे हवेत. निघायच्या आधी दोन-तीन महिने तिथली भाषा जमेल तेवढी शिका. लहान मुलांना कडेवर घेऊन काढलेले फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी त्यांच्या आईला विचारा. तुमच्या घरातल्या पोराचा फोटो अनोळखी माणसाने टाकला तर तुम्हाला चालेल का? आणि तिथल्या पास्टरला किंवा शिक्षिकेला आधीच विचारून घ्या, की आम्ही आलो नाही तर तुमचं काय अडेल? काहीच अडणार नाही, असं उत्तर आलं तरी जाता येईल. मग रंगाचे डबे आणि ब्रश यांचे पैसे गावातल्या रंगाऱ्याला द्या, आणि तो भिंत रंगवत असताना शेजारी बसून त्याच्याशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलून बघा.