अलार्म ऐकून परतलेल्या होडीचा वाटा कापू नका



मागच्या हंगामात आपल्यातल्याच एका होडीवर इंजिनचा बझर वाजायला लागला. किनारा सोडून अर्धा तास झाला असेल. वेग आपोआप उतरला. तांडेलाला वाटलं पेट्रोलमध्ये कचरा आला, म्हणून त्याने थ्रॉटल आणखी ओढला. तशीच जाळी टाकली, तशीच ओढली. परतताना इंजिन जाम. शापोऱ्याच्या मुखाबाहेर होडी वाहत राहिली. शेवटी दुसऱ्या होडीने दोर टाकून आणली. माणसं घरी आली हेच मोठं, पण इंजिन कायमचं गेलं.

नंतर आम्ही त्याला विचारलं, "बाबा, आवाज ऐकू आला नव्हता काय?" तो म्हणाला, "आला की! पण रिकामा परतलो असतो तर पेट्रोलचे पैसे कोणाच्या वाट्यातून कापले असते?"

या उत्तरावर आम्ही गप्प झालो. कारण दोष एकट्या तांडेलाचा नाही. दोष आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे.

आधी बझर काय सांगतो ते बघू. फोर-स्ट्रोक आऊटबोर्डवर मुख्य कारणं दोन. इंजिन तापलंय, नाहीतर ऑइलचा दाब कमी झालाय. अशा वेळी बहुतेक इंजिनं स्वतःच आरपीएम खाली आणतात. तो बिघाड नव्हे, इंजिन स्वतःला वाचवत असतं. तिथं थ्रॉटल ओढणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला धावायला लावणं.

मग करायचं काय? थ्रॉटल खाली, गिअर न्यूट्रल. मुखाजवळ, वाळूच्या पट्ट्याजवळ असाल तर सगळ्यात आधी नांगर टाका. मग मागची पाण्याची धार बघा. धार नसली किंवा बारीक पडली असली तर इंजिन लगेच बंद. इंजिन वर उचला आणि खालच्या पायाला जिथून पाणी आत जातं ती जाळी बघा. बऱ्याचदा तिथं प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते, नाहीतर शेवाळ. ती काढा. धारेच्या भोकात मीठ-चिखल बसला असेल तर जाड तंगूस घालून मोकळं करा. इंजिन थंड होऊ द्या, मग सुरू करा. धार नीट आली आणि बझर गप्प राहिला तर हळूहळू किनारा गाठा. धार आलीच नाही तर बहुधा पंपाचा इंपेलर गेला. मग चालवू नका.

धार जोरात आहे, तरी बझर वाजतोय? इंजिन बंद करून सरळ उभं ठेवा, थोडा वेळ थांबा आणि डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, इंजिनला हात लावू नका. ऑइल बरोबर आहे तरी बझर थांबत नाही, तरीही चालवायचं नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा ऑइल पंप गेला असेल. ते काम मिस्त्रीचं, भर समुद्रातलं नव्हे. दुसऱ्या होडीला हाक मारा. कोणी जवळ नसेल तर व्हीएचएफचा चॅनल 16, किंवा मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांवर, जिथं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो, तिथं बऱ्याचदा बझर नसतोच. तिथं पाण्याची धार हाच तुमचा अलार्म. एका खलाशाचा डोळा तिच्यावर पाहिजेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही होड्यांवर बझरची वायर कापलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. "कटकट करतो" म्हणे. अहो, कुत्रा भुंकतो म्हणून त्याला मारलं तर चोर यायचा थांबतो काय? बऱ्याच मॉडेलमध्ये चावी फिरवली की बझर एकदा छोटा वाजतो. तुमच्या इंजिनवर तो आधी वाजत होता आणि आता वाजत नसेल, तर आजच तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. आमचं मत असं की अलार्म वाजला म्हणून जो तांडेल परत येतो, त्याच्या किंवा खलाशांच्या वाट्यातून त्या फेरीचा खर्च कापू नये. तो खर्च इंजिनच्या देखभालीत धरावा.

काही मालक म्हणतील, मग पोरं रोज बहाणा करून परत येतील. ही शंका खोटी नाही. पण इंजिन खोटं बोलत नाही. किनाऱ्यावर आल्यावर धार, जाळी, ऑइल, सगळं दहा मिनिटांत दोघांसमोर तपासता येतं. बहाणा असेल तर तिथंच उघडा पडेल. उलट कापणीच्या भीतीने एक जरी इंजिन जाम झालं, तर मालकाचा हंगाम बुडतो आणि खलाशाच्या घरची चूलही.

मालकांकडे आणखी दोन मागण्या. साळ असो की शापोरा, मुखावरच्या उथळ पाण्यात इंजिन वाळू ओढतं आणि इंपेलरचं रबर झिजतं. म्हणून 1 जूनला बंदी लागली की इंपेलर उघडून बघा, झिजला असेल तर बदला. आणि रोज परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा. एक इंपेलर आणि एक पॉवरहेड, दोन्हींच्या किमती दुकानात विचारून या, मग आम्हाला महाग-स्वस्त सांगा.

प्रत्येक कंपनीचे बझरचे इशारे वेगळे असतात. तुमच्या पुस्तकातलं ते पान प्लास्टिकमध्ये घालून होडीतच ठेवा. तांडेलाला वाचायला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोरीने नाहीतर पोराने एकदा वाचून समजावून द्यावं.

वाट्याचा हा विषय आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. मालकांनी यावं, तांडेल-खलाशांनीही यावं. भांडायचं असेल तर तिथं भांडू. दर्यात बझर वाजेल तेव्हा मात्र कोणाच्या मनात पैशाचा हिशेब नको.