अंकलीचे अश्व
लोणंद ते तरडगाव ही वाट जेमतेम आठ किलोमीटरची, पण दिवस पुरत नाही. चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते. अश्व दौडून गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. शेजारी मिरजेकडच्या एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस, पायात झिजलेली स्लीपर. ‘हे घोडं आमच्या सांगलीवरनंच येत्यात की, माउली,’ म्हणाल्या. खरेच आहे. शितोळे सरकारांचे हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत आळंदी गाठतात, तेही चालत. पालखीला आजचे रूप देणारे हैबतबाबाही साताऱ्याजवळच्या आरफळचेच. तरी वर्तमानपत्रांत गर्दी पुण्यातल्या मुक्कामाच्या फोटोंची! येत्या ज्येष्ठात महामार्गावर हे अश्व दिसले, तर हॉर्न तेवढा वाजवू नका.