जुन्या पोथ्या आणि ग्रंथालयांतील हवा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचें नांव मराठी माणसानें अभिमानानें घ्यावें असेंच आहे. नायक राजांच्या काळीं सुरू झालेला हा संग्रह भोसले कुळांतील राजांनीं वाढविला. आणि मिशनरी श्वार्ट्झसाहेबांच्या देखरेखीखालीं शिकलेले सरफोजी राजे (मृत्यु १८३२) ह्यांनीं दूरदूरचे ग्रंथ जमवून त्यास कीर्ति मिळवून दिली. १९१८ सालीं तो लोकांस खुला झाला. संस्कृत, तामिळ, तेलुगु व मराठी पोथ्या तेथें एका छपराखालीं नांदत आहेत; कांहीं ताडपत्रावर, कांहीं कागदावर.

परंतु कावेरीकांठच्या त्या उष्ण व दमट प्रदेशांत पोथीचा मोठा वैरी चोर नव्हे, तर हवा होय. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर बराच काळ राहिली कीं बुरशी धरते. हवा अति कोरडी झाली कीं ताडपत्र ठिसूळ होऊन तुटतें. आणि ह्या दोहोंची आळीपाळी चालली, तर पान फुगतें, आकसतें व शेवटीं चिरतें.

हवा थंड करणारें यंत्र बसविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. दिवसा वाचकांसाठीं यंत्र चालवावें आणि रात्रीं खर्च वांचविण्यासाठीं तें बंद करावें, तर थंड झालेल्या पोथ्यांस बाहेरची दमट हवा लागून त्या ओल धरतात. रोजचा हा चढउतार सोसण्यापेक्षां यंत्र नसलेलेंच बरें! आमच्या पूर्वजांपाशीं यंत्र नव्हतें. परंतु जाड भिंती, लांकडी फळ्या व घट्ट बांधलेलें बासन ह्यांच्या योगानें पोथीपर्यंत बाहेरचा फेरफार हळूहळूच पोंचत असे.

म्हणून प्रत्येक जुन्या ग्रंथालयानें प्रथम आर्द्रता मोजण्याचें साधन घ्यावें व रोजची नोंद ठेवावी. गळतें छप्पर दुरुस्त करावें, कपाटें ओलसर भिंतीपासून दूर सरकवावीं, आणि बाहेरची हवा आंतल्यापेक्षां कोरडी असेल तेव्हांच खिडक्या उघडाव्या. इतकें झाल्यावर यंत्र आणावें. परंतु तें अहोरात्र चालविण्याची व दुरुस्तीची तरतूद असेल तरच.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं माळ्यावर आजोबांची पोथी असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वीं तिची जागा एकदां पाहून या. छापील पुस्तक पुन्हां विकत मिळेल. हातानें लिहिलेलें पान एकदां गेलें कीं गेलेंच.