'वॉचमेन', महाड आणि फत्तेखान

माझ्या वर्गातल्या मुलांना शक्तिमानपासून स्पायडरमॅनपर्यंत सगळे ठाऊक आहेत. तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा महाडला काय घडले, ते मात्र थोड्यांनाच सांगता येते. 'वॉचमेन'बद्दल लिहावेसे वाटले ते याचमुळे. एचबीओची २०१९ सालची ही नऊ भागांची मालिका प्रौढांसाठी आहे, मुलांना दाखवू नये. पण शिक्षकांनी आणि पालकांनी ती जरूर पाहावी.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची याच नावाची चित्रकादंबरी १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली. मुखवटा घालून इन्साफ करायला निघालेल्यांवर लक्ष कोण ठेवणार, हा तिचा सवाल होता. डेमन लिंडेलॉफ यांनी मालिकेत ती कथा पुढे नेली. सुरुवात मात्र मागे जाऊन, १९२१च्या टल्सा शहरापासून केली. तिथल्या ग्रीनवुड या काळ्या लोकांच्या भरभराटीच्या वस्तीवर गोऱ्या जमावाने हल्ला केला, घरे-दुकाने जाळली, माणसे मारली. हे खरोखर घडले होते. तरी कित्येक अमेरिकनांना ते या मालिकेमुळे पहिल्यांदा कळले, कारण शाळेत कुणी शिकवलेच नव्हते.

मूळ कादंबरीत हूडेड जस्टिस नावाचा पहिला मुखवटाधारी आहे. तो नेमका कोण, हे तिथे पक्के सांगितलेले नाही. मालिका सांगते की तो टल्सातून लहानपणी वाचलेला, पुढे पोलीस झालेला काळा माणूस, विल रीव्ह्ज. गोऱ्या सहकाऱ्यांनीच त्याला फासावर टांगून सोडले होते; तोंडावरची ती पिशवी आणि गळ्यातला तो दोर हाच त्याचा पोशाख झाला. जुनी कथा तीच राहते, अर्थ बदलतो. माझ्या मते गोष्ट पुढे नेण्याची हीच खरी रीत आहे: आधीच्या गोष्टीत कोण राहून गेले, ते आधी पाहायचे.

आता आपल्या महाडकडे या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच होता. पाणी प्यायल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी सवर्णांपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत.

हे नाव अभ्यासकांच्या पुस्तकांत आहे. आपल्या मुलांच्या तोंडी नाही. ना उर्दू शाळेत, ना मराठी शाळेत, ना आपल्या जलशांतल्या तकरिरींत.

पण हे नाव सांगताना छाती फुगवायचे कारण नाही. जान धोक्यात घालून ओंजळ भरली ती तळ्यावर गेलेल्यांनी. फत्तेखानांनी जागा दिली, तेवढेच त्यांचे श्रेय, आणि ते कमी नाही. शिवाय ज्यांनी त्यांचे नाव घ्यायचे, त्या आपल्यात सोयरीक जुळवताना बिरादरी विचारली जाते की नाही? हा सवाल टाळून फत्तेखानांचा वारसा मिरवता येणार नाही.

मालिकेशी माझे भांडण तिच्या शेवटाबद्दल आहे. अखेरीस एका माणसाची अचाट शक्ती दुसऱ्याकडे जाईल का, यावर कथा थांबते. महाडला कुणाकडेच तशी शक्ती नव्हती आणि चेहरे उघडे होते. उद्या कोण ओळखेल, गावात काम कोण देईल, हे ठाऊक असूनही लोक तळ्याच्या पायऱ्या उतरले.

म्हणून पालकांना एक विनंती. येत्या २० मार्चला मुलांना घेऊन चवदार तळ्यावर जा. बाबासाहेबांची गोष्ट पूर्ण सांगा आणि फत्तेखानांचे नाव तिच्यात राहू द्या.